जिमखाना फीची अंडी

७ जुलै. संध्याकाळ.
बी.ए. तिसऱ्या वर्षाची फी भरली. तिसरं वर्ष, दुसऱ्यांदा. गेल्या वेळी इंग्रजीच्या पेपरनं घात केला. पेपर तपासणाऱ्यावर माझा संशय अजून कायम आहे.
पावती बारकाईनं वाचली. पूर्णेच्या कॉलेजात आजपर्यंत कुणी वाचली नसावी. वाचनालय फी, जिमखाना फी, आरोग्य तपासणी फी, अभ्यासिका फी, स्नेहसंमेलन फी, आणि सगळ्यात खाली 'इतर'. खिडकीतल्या क्लार्कला विचारलं की इतर म्हणजे काय. तो म्हणाला इतर म्हणजे इतर, पुढं सरका. मागं लाइन होती म्हणून सरकलो. पण कुठंतरी पाणी मुरायलंय.
मी आजपर्यंत जिमखान्यात पाऊल ठेवलं नाही, वाचनालयातून चिटोरं आणलं नाही. म्हणजे माझा पैसा दुसरंच कुणीतरी खायलंय.
संकल्प. एक: या वर्षी फीची पै न पै वसूल करायची. दोन: रोज पहाटे पाचला उठून पळायचं, कारण पुढच्या साली पीएसआय व्हायचंय. तीन: ही वही कुणाच्या हाती लागू द्यायची नाही.

८ जुलै. सकाळी साडेनऊ.
आईनं उठवलं. अलार्म वाजलाच नाही. मोबाइलवर संशय.

११ जुलै.
वाचनालय फी वसूल करायला गेलो. ग्रंथपालांनी मागितलेलं पुस्तक लगेच काढून दिलं. एवढ्या लवकर? हिशेब नीट असणारा माणूस आधी दहा प्रश्न विचारतो. लिहून ठेवतोय.
पुस्तक जाडजूड आहे. कूलरचा एक पाय आखूड होता, आता नीट बसलाय. फीचा काही भाग वसूल.

१६ जुलै.
कॉलेजात आरोग्य तपासणी. डॉक्टरनं काट्यावर उभं केलं, वजन कमी भरलं. काटा आधीच मागं सरकवलेला असावा. दूध-अंडी खा म्हणाले. रात्री जेवताना घरी सांगितलं. आई म्हणाली बघू. बाबा काहीच म्हणाले नाहीत, ते रेल्वेत ट्रॅकमन आहेत, घरी आल्यावर बोलायची ताकद राहत नाही. संघप्रियानं तिचीच टिमकी वाजवली. तिला कॉलेजच्या खो-खो टीमची कॅप्टन केलंय. माझी धाकटी बहीण, दुसऱ्या वर्षाला. आता रोज चारला प्रॅक्टिस. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्यातून उपयोग होतो, असं सांबप्पा सर म्हणतात म्हणे. हे सांबप्पा सर क्रीडा विभागाचे. माणूस फार हसतमुख आहे. हसतमुख माणसाचं मला खरं वाटत नाही.

२१ जुलै.
आजपासून अभ्यासिका. तिची पण फी घेतलीय, सोडणार कशी. घरी सांगून टाकलं की रोज दहा ते चार मी अभ्यासिकेत. आईला लय बरं वाटलं.
गेलो. बसलो. माझ्याच डोक्यावरचा पंखा बंद. बाकी सगळे चालू. हा योगायोग नाही.
साडेबाराला घरी आलो. आई अंगणवाडीत मदतनीस आहे, ती तिकडं. बाबा रुळावर. संघप्रिया कॉलेजात. ओट्यावर मोठं पातेलं झाकलेलं. उघडलं तर उकडलेली अंडी, पातेलं भरून. आईनं डॉक्टरचं मनावर घेतलं तर. दोनच खाल्ली. घरात घाण नको म्हणून टरफलं खिडकीतून भिंतीपलीकडं टाकली. मग आतल्या खोलीत दार लावून अभ्यासाला आडवा झालो.
चारला जाग आली तेव्हा पातेलं रिकामं. बाबांच्या डब्याला लागत असतील. दिवसभर हातोडा मारायचा म्हणजे अंडी पाहिजेतच.

२४ जुलै.
रोज अंडी. आई त्याबद्दल एक शब्द काढत नाही, मी पण नाही. मी दुपारी येतो हे तिला कसं कळलं कोण जाणे. आई-लेकरात काही गोष्टी न बोलता कळतात. आज तीन खाल्ली. पीठमीठ लावून.

पीठ नाही. मीठ. झोपेत लिहायलोय.

३० जुलै. महत्त्वाचं.
जेवताना संघप्रिया आईला सांगायली होती. जिमखान्याच्या फंडातून टीमला रोज प्रॅक्टिसनंतर अंडी मिळतात, पोरीमागं दोन. सर दोन डझन आणतात, ग्राउंडवर मात्र आठवडाभर कमी भरायली. कधी दोन कमी, कधी तीन.
माझा घास हातात राहिला. जिमखान्याचा फंड म्हणजे जिमखाना फी. म्हणजे माझी फी. माझ्या फीची अंडी कुणीतरी खायलंय, आणि माझी सख्खी बहीण उपाशी खेळायली.
आई स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघत बसली. नंतर म्हणाली की मांजर मातलंय. कशाचं काय. बायकांना मोठा घोटाळा दिसत नाही, मांजर दिसतं.
संशयित क्रमांक एक: सांबप्पा सर. पुरावा: नवीन हेल्मेट.

३१ जुलै.
आईनं आज पातेल्यावर वीट ठेवली होती. माझी अंडी मांजरापासून राखायला. मन भरून आलं. वीट काढली, तीन खाल्ली, वीट होती तशी परत ठेवली. तपासाला सुरुवात करायची म्हणजे अंगात ताकद पाहिजे.

३ ऑगस्ट. रविवार.
विहारात वंदनेला गेलो. वर्षावास चालू आहे, गर्दी होती. पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलाला, न दिलेलं घ्यायचं नाही तिथं, मी सांबप्पा सरांचा चेहरा डोळ्यांपुढं आणला आणि आवाज चढवला. पुढच्या रांगेतले दोघं वळून बघायले. समाजाला असा आवाज हवाय.

७ ऑगस्ट.
ग्राउंडवर गुप्त पाहणी. लिंबाच्या झाडामागं उभा राहिलो. प्रॅक्टिस बघितली. संघप्रिया पळती मात्र जोरात, खुंटाला हात लावून अशी काही वळती की मला उगीच धाप लागली.
नंतर पोरी ओळीनं बसल्या. संघप्रियानं स्टीलचा डबा उघडून अंडी वाटली. डबा अगदी आमच्या घरच्यासारखा, झाकणाला तसाच पोचा. कॉलेजनं पण त्याच दुकानातून घेतला असणार, त्यात किती टक्के खाल्ले ते वेगळं बघावं लागेल.
सगळ्यांना देऊन झाल्यावर डबा संपला. संघप्रिया नुसतं पाणी प्यायली. तिला अंडी आवडत नसावीत. जेवणाच्या बाबतीत तिचे आधीपासून नखरे आहेत.

१२ ऑगस्ट.
मोठा दिवस. बाबांनी सातलाच हाक मारून उठवलं, पाणी भरायला. त्या निमित्तानं पाळत ठेवता आली.
स्टेशन रोडच्या अंड्याच्या दुकानापाशी सांबप्पा सर दिसले. अंडी गाडीला मागं दोरीनं बांधली. मी सायकलवर पाठलाग केला. बाजारातून, फाटकातून, नाल्यावरून. आणि गाडी वळली कुठं तर रेल्वे क्वार्टरच्या मागच्या गल्लीत. म्हणजे आमच्याच गल्लीत!
ऐन वेळी सायकलची चेन पडली. चेन बसवून हात पुसेपर्यंत सर गल्लीतून परत. गाडी रिकामी.
म्हणजे माल आमच्या गल्लीत उतरतो.
गल्लीत घरं तीन. एक कुलूप लावलेलं क्वार्टर. एक आमचं. एक बायनाबाईचं. कुलूपवालं सोडलं, आमचं सोडलं. राहिली बायनाबाई. आणि बायनाबाईचा स्टेशनबाहेर कशाचा गाडा आहे? भुर्जी-पावचा. पुढचं लिहायला नको.
पीएसआयच्या मुलाखतीत हीच केस सांगणार.

१३ ऑगस्ट.
मित्राला, बन्सीधरला, विश्वासात घेतलं. तो लय हसला. म्हणाला की सर लिंगायत, घरात कांदासुद्धा दिवस बघून चिरतात, त्यांच्या आईला, भागम्माला, अंड्याचं नाव चालत नाही. मग अंडी उकडत कोण असेल याचा विचार कर म्हणाला. मी विचार केला. बायनाबाईच. तिच्याकडं शेगडी आहे, मोठी कढई आहे. बन्सीधरनं कपाळावर हात मारला. त्याला एवढा खोल तपास झेपत नाही.

१८ ऑगस्ट.
वेषांतर करून, म्हणजे टोपी घालून, बायनाबाईच्या गाड्यावर गेलो. तिनं लांबूनच हाक मारली, ये रे सिद्धोधन. भुर्जी मागवली. तिनं आपणहून एक अंडं जास्त फोडलं, म्हणाली दुपारच्यासारखं पोट भरून खा. दुपारच्यासारखं म्हणजे काय ते तिला विचारायचं राहिलं, तोंडात घास होता. हातची अंडी फुकट वाटायली म्हणजे ती विकत घेतलेली नसणार. चोराच्या मनात चांदणं.

२२ ऑगस्ट. दुपार.
पुरावा सापडला. आमच्या खिडकीतून वाकून बघितलं तर बायनाबाईच्या भिंतीशी टरफलांचा ढीग. त्यात एक-दोन आमची असतील, ती धरायची नाहीत. पण ढीग? फोटो काढले. चार अँगलनी.
फोटो काढून दमलो. आज चार खाल्ली.

२३ ऑगस्ट.
संघप्रिया वाळायलीय. गाल बसले. मोबाइलवर कसलं तरी डाएट बघत असणार. आजकालच्या पोरींचं कठीण आहे. आई तिला भाकरी वाढून वाढून बेजार, आणि ही ग्राउंडवरनं येऊन जेवतानाच पेंगती.

२५ ऑगस्ट.
कॉलेजच्या तक्रार पेटीत निनावी अर्ज टाकला. जिमखाना फीची चोरी, संगनमत, गल्लीतला गाडा, टरफलं, सगळं लिहिलं. फोटो जोडले. खाली 'एक जागरूक विद्यार्थी'. संपर्क करता यावा म्हणून मोबाइल नंबर दिला.
प्राचार्य मॅडमचं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. फी कुठं जाते म्हणून दर मीटिंगला विचारतात, आणि चोर त्यांच्याच कॉलेजात.

२ सप्टेंबर.
विजय. मॅडमनी चौकशी समिती नेमली. अहवाल येईपर्यंत जिमखान्याचा सगळा खर्च बंद. नोटीस बोर्डावर लागलीय. बोर्डासमोर चार वेळा जाऊन आलो.
घरी आलो तर संघप्रिया भिंतीला टेकून बसलेली. कुण्या दीडशहाण्यानं अर्ज टाकला म्हणून अंडी बंद, आणि नांदेडला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जायची परवानगी पण अडकली, असं आईला सांगत होती. तिथूनच विद्यापीठाची निवड होते. ती रडत नव्हती, नुसती बुटाची लेस ओढत होती.
खरा तपास अधिकारी घरच्यांना पण सांगत नाही. चोर सापडला की हीच पोर माझ्या गळ्यात पडेल.

३ सप्टेंबर.
आज पातेलं नाही.

५ सप्टेंबर.
आज पण नाही. वीट कोपऱ्यात पडून. आईनं अंडी का बंद केली? मी काय बोललो तिला? घरात काहीतरी बिनसलंय आणि त्याचा परिणाम थेट माझ्या तब्येतीवर. विचारायचं कसं, कधी बोललोच नाही त्यावर.

१० सप्टेंबर.
अशक्तपणा. पहाटेचं पळणं पुढं ढकललं. (एकदाही पळालो नाही, पण ढकलायला हरकत नाही.)
संघप्रिया मात्र बिनाअंड्याची रोज ग्राउंडवर जातीच आहे. टीमच्या पोरींनी आपापल्या घरून शेंगदाणे-गूळ आणायचं ठरवलंय म्हणे. बाबांनी काल यावर पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाले की ज्यानं अर्ज केला त्याला मुली नसतील. मला ठसका लागला.

१२ सप्टेंबर.
मॅडमचा फोन आला. निनावी अर्जाच्या नंबरवर. सोमवारी समिती स्थळपाहणी करणार, साक्षीदार म्हणून हजर राहा म्हणाल्या. मला नावानंच हाक मारली. कसं कळलं? कॉलेजात माहिती फुटते, हा वेगळा घोटाळा.

१५ सप्टेंबर. सोमवार. दुपारी साडेबारा.
आजचा दिवस इतिहासात जाणार. इस्त्रीचा शर्ट घातलाय. अभ्यासिकेतून लवकर आलो, आणि घरात बघतो तर काय, पातेलं! त्यावर वीट! आजच्याच दिवशी. आईला कुठूनतरी कळलं असावं की आज लेकराची कसोटी आहे.
बऱ्याच दिवसांची भूक. चार खाल्ली. पाचवं हातात घेऊन परत ठेवलं, संयम पाहिजे. टरफलं नेहमीच्या जागी टाकली. निघतो.

१५ सप्टेंबर. संध्याकाळ.
लिहावं की नको म्हणून बराच वेळ बसलो. लिहितो. कुणी वाचणार नाही.
समितीत मॅडम आणि दोन प्राध्यापक. सोबत सांबप्पा सर, आणि टीमकडून उपकर्णधार रेणुका. संघप्रिया पण आली होती. मला साक्षीदार म्हणून पुढं बघून ती चालायची थांबली. मी म्हणालो की घाबरू नको, मी हाय. सगळ्यांना घेऊन आमच्या गल्लीत आलो आणि बायनाबाईच्या दारासमोर उभं राहून बोट दाखवलं.
सांबप्पा सर माझ्या बाजूनं पुढं निघून गेले आणि आमच्याच दाराची कडी वाजवली.
आईनं दार उघडलं. अंगणवाडीतून सुट्टी काढून आली होती. सरांनी मॅडमना समजावून सांगितलं. त्यांच्या घरी आईमुळं अंडं चालत नाही, हॉटेलात उकडून घ्यावी तर महाग पडतं, म्हणून जुलैपासून केशरबाईंच्या घरी अंडी उकडून मिळतात. केशरबाई आमची आई. ती सकाळी उकडते, साडेतीनला कॅप्टन डबा भरून नेते. आज खर्च बंद असताना त्यांनी समितीला पद्धत दाखवायला खिशातून दोन डझन आणली होती.
मॅडमनी विचारलं की हे साक्षीदाराला कसं माहीत नाही. आई संकोचली. म्हणाली की त्याला मुद्दाम सांगितलं न्हाई, त्याला काई सांगितलं की तो अर्ज लिहितो.
मग पातेलं आणलं. वीट काढली. एका प्राध्यापकांनी मोजली. वीस भरली. परत मोजली. वीसच.
आई म्हणाली, ते मांजरच हाय मॅडम, वीट पण सरकवतंय मेलं.
तेव्हा बायनाबाई आपल्या उंबऱ्यावर उभी होती. ती आमच्या घराकडं बोट करून साधेपणानं म्हणाली की मांजर कशाला, पोरगंच रोज दुपारी खातंय की, टरफलं माझ्याकडं टाकतंय, मला वाटलं केशरबाईनं लेकराला खुराक लावलाय, म्हणून मी बोलले न्हाई.
सगळे माझ्याकडं बघायले. रेणुका माझ्या शर्टाकडं. इस्त्रीच्या शर्टावर पिवळा बलक होता.
मी म्हणालो की ही अंडी माझ्यासाठी आहेत असं मला वाटत होतं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
मग रेणुका बोलली. आमच्या टीमचा दस्तूर असा आहे म्हणाली, कॅप्टननं शेवटी खायचं. जे कमी पडेल ते कॅप्टनचं. दीड महिन्यात संघप्रियाताईच्या वाटेला एक-दोनदाच अंडं आलं. आम्ही आमच्यातलं देत होतो तर घेत नव्हती, दस्तूर म्हणजे दस्तूर म्हणायची.
मी संघप्रियाकडं बघितलं नाही. ती भिंतीकडं बघत होती एवढं दिसलं. गाल बसलेले. मला लाज वाटली. आणखी दुसरा शब्द सापडत नाही.
मॅडमनी तिथंच, आमच्या ओट्यावर कागद ठेवून, चौकशी बंद केल्याची आणि नांदेडच्या परवानगीची सही केली. जाताना सांबप्पा सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हसले. हसतमुखच आहे तो माणूस.

१६ सप्टेंबर.
बाबांनी एवढंच विचारलं की किती दिवस चाललं होतं. मी ताटात बघत राहिलो. आई म्हणाली की भूक लागली होती तर मागायचं होतं रे, मी वेगळी दिली असती. याच्यापेक्षा तिनं लाटणं मारलं असतं तर चाललं असतं.
संघप्रिया माझ्याशी बोलत नाही. मीठ पाहिजे असलं तरी आईला सांगून मागती.

१७ सप्टेंबर.
झेंडावंदनाला कॉलेजात गेलो. बन्सीधर भेटला. आता खुलासा झाला का म्हणाला. मग म्हणाला की सगळ्या कॉलेजात जिमखाना फी पै न पै वसूल केलेला तू एकटाच विद्यार्थी. संकल्प एक पुरा झाला म्हणायचा.
ही वही कुणाला दाखवली नव्हती. मग त्याला पै न पै हा शब्द कसा कळला? संशय येतोय. नको. आजपासून संशय बंद.

१९ सप्टेंबर. सकाळी साडेसहा.
स्वतःहून उठलो. अंड्याच्या दुकानातून अंडी आणायची ड्युटी मी मागून घेतली. सर लगेच हो म्हणाले. एवढ्या लवकर? नको.
वाटेत एक फुटलं. ते मी खाल्लं नाही, सरांना आणून दाखवलं.

२१ सप्टेंबर. रविवार.
विहारात गेलो. मागच्या रांगेत बसलो. दुसऱ्या शीलाला आवाज बसला. शेजारच्या माणसानं खोकल्याची गोळी दिली.

२२ सप्टेंबर.
टीम सकाळच्या पॅसेंजरनं नांदेडला गेली. स्टेशनवर पोचवायला गेलो. डबा मीच भरला होता, आईसमोर मोजून. संघप्रियाच्या हातात दिला. तिनं झाकण उघडलं आणि माझ्यासमोर मोजली. सगळ्यांसमोर. बरोबर भरली. मग गाडीत चढली. खिडकीतून हात केला, पण तो आईला होता की मला, नक्की सांगता येत नाही.

२४ सप्टेंबर. दुपारी एक.
रेणुकाचा फोन आईला आला. टीम सेमीफायनलला हरली. विद्यापीठाच्या संघात संघप्रियाचं नाव आहे, पण राखीव खेळाडूंत. सर म्हणाले की पोरगी वेगवान आहे, शेवटच्या पाळीत दमात कमी पडली. राखीवचं भरतीला काही होतं का, ते सरांना विचारायचंय. मी विचारणार होतो.
आई अंगणवाडीत परत गेली. जाताना ओट्यावर एक उकडलेलं अंडं ठेवलं आणि स्पष्ट सांगितलं की हे तुझं हाय. अंडं माझं आहे असं ती पहिल्यांदाच म्हणाली.

दीड.
खावंसं वाटलं नाही. खिडकीत मांजर आलं. जुलैपासून बिचाऱ्यावर आळ होता, आई त्याला पाणीसुद्धा ठेवत नव्हती. अंडं सोलून त्याच्यासमोर धरलं. त्यानं हुंगलं, तोंड फिरवलं आणि गेलं. ते अंडं खातच नाही.

अडीच.
ठरवलं. हे अंडं संघप्रियाचं. ती पाचच्या गाडीनं येणार. पातेल्यात ठेवलं. झाकलं. वर वीट ठेवली.

तीन.
वीट काढून बघितलं. आहे.

चार.
नुसतं पांढरं खाल्लं. पिवळं सगळं तिला ठेवलंय, ताकद त्यातच असते म्हणतात. झाकलं. वीट ठेवली. आता बाहेर ओट्यावर बसतो, ती येईपर्यंत.